तोलाची नस कापण्याआधी

"चक्कर आली की किती वेळ टिकते?" हा साधा प्रश्न आमच्या अण्णाकाकांना पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा त्यांच्या गळ्यात मानेचा पट्टा चढून आठ महिने झाले होते.

अण्णाकाका वीज मंडळात लाइनमन. बावीस वर्षं पोलवर चढण्या-उतरण्यात गेली. पहिला झटका आला तेव्हा नशिबाने ते जमिनीवर होते, डीपीचा फ्यूज बघत होते. "मी जागचा हललो नाही, डीपीच फिरायला लागली," असं ते आजही सांगतात. तिथेच आडवे झाले, दोन्ही मुठींत गवत घट्ट धरलं, आणि पुढचे दोन तास डोळे उघडले की ओकारी. बरोबरच्या हेल्परने ऊन लागलं समजून कांदा फोडून नाकाला लावला. मग पित्त झालं, मग बीपी झालं, मग मानेचा एक्स-रे निघाला आणि "मणक्यात गॅप" सापडली. पन्नाशीच्या कुठल्याही माणसाच्या मानेचा एक्स-रे काढा, काहीतरी सापडतंच. पट्टा आला, गोळ्या आल्या, झटके मात्र येतच राहिले. डावा कान दडपल्यासारखा वाटतो, त्यात गुंई आवाज येतो, हे काकांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. त्यांनी आपला फोन उजव्या कानाला लावायला सुरुवात केली आणि विषय मिटवला.

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, श्रवणाचा आलेख काढला, आणि आजाराला नाव मिळालं: मेनिएर. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत मोठ्या शहरातल्या एका सर्जनने सांगितलं, "कानामागून कवटी उघडून तोलाची नस कापून टाकू. चक्कर कायमची बंद." गळ्यातल्या पट्ट्यावरून थेट कवटीवर! मधे काहीच नाही.

घरात बैठक बसली. आत्या म्हणाली, "मेंदूत हात घालतात म्हणे." मी चार पुस्तकं जास्त शिकलेला म्हणून माझं मत विचारलं, आणि मी जोरात विरोध केला. ऑपरेशन झालं नाही. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, नको म्हणालो ते कदाचित ठीक होतं, पण ज्या कारणांसाठी म्हणालो ती बहुतेक सगळी चुकीची होती. ही शस्त्रक्रिया रानटी आहे, जुनाट आहे, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तसं काही नाही. चक्करेवरच्या उपचारांत तिच्याइतका सरळ व्यवहार मी दुसरा पाहिला नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. हिला जगभर 'शेवटची पायरी' म्हणतात, आणि आपल्याकडे तिच्या आधीच्या पायऱ्याच बांधलेल्या नाहीत. पहिली-दुसरी पायरी नसलेल्या शिडीवर 'शेवटची' या शब्दाला काही अर्थ उरतो का, ते लाइनमनलाच विचारा.

आधी हे ऑपरेशन म्हणजे काय ते सांगतो. कानाचा जो भाग आपल्याला दिसत नाही, त्या अंतर्कर्णात दोन यंत्रं शेजारी-शेजारी आहेत. एक शंखासारखं, ते ऐकतं. दुसरं तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांचं आणि दोन छोट्या पिशव्यांचं, ते डोकं कुठे वळलं, कुठे कललं ते मोजतं. दोन्हींच्या तारा एकत्र येऊन आठवी मज्जातंतू नस होते आणि मेंदूकडे जाते. चेहरा हलवणारी सातवी नस तिला अगदी खेटून असते. तोलाचे धागे आणि ऐकण्याचे धागे एकाच दोरखंडात, मधे जेमतेम एक फिकट रेघ. सर्जनला सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ शोधायची, तोलाचा अर्धा भाग कापायचा, ऐकण्याचा अर्धा आणि चेहऱ्याची नस शाबूत ठेवायची.

पण तोलाची नस कापल्यावर चक्कर थांबते कशी? माणूस कायमचा कलंडायला नको का? हाच प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि माझ्या विरोधाचं मूळही तेच होतं. उत्तर जुन्या वाण्याच्या तराजूत आहे. मेंदू सतत दोन पारडी तोलत बसलेला असतो, डाव्या कानाचा संदेश आणि उजव्या कानाचा संदेश. डोकं स्थिर असतानाही दोन्हींकडून सारखी टिकटिक चालू असते. एक पारडं कायमचं हलकं असेल तर वाणी काय करतो? पासंग लावतो. दांडी सरळ होते, व्यवहार सुरू. पण एखाद्या तराजूचं एक पारडं सकाळी जड, दुपारी हलकं आणि संध्याकाळी बरोबर असेल, तर कुठला पासंग लावणार? मेनिएरचा कान हे असं पारडं आहे. त्याच्या आतल्या द्रवाचा दाब वाढतो, संदेश बिघडतो, काही तासांनी पुन्हा ठिकाणावर येतो. कानाने काहीच सांगितलं नाही तर मेंदू निभावून नेतो. कान आज एक आणि उद्या दुसरं सांगायला लागला की त्याचं काही चालत नाही. नस कापायची म्हणजे खोटं बोलणारा साक्षीदार कोर्टातून बाहेर काढायचा. पहिले काही दिवस भयंकर गरगरतं, डोळे एका बाजूला ओढले जातात, मग आठवड्यांमागून आठवडे मेंदू पासंग लावत जातो.

दहापैकी नऊहून अधिक रुग्णांची मोठी चक्कर या शस्त्रक्रियेने थांबते. मूळ आजार मात्र बरा होत नाही. कान दडपणं, गुंई आवाज, हळूहळू घटत जाणारं ऐकू येणं, हे सगळं आपल्या गतीने चालूच राहतं. मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून झिरपणं, मेंदूज्वर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, चिवट डोकेदुखी, हे धोके कमी प्रमाणात पण खरे आहेत. आणि ज्या कानाचं ऐकणं आधीच संपलंय त्याच्यासाठी कवटी उघडायची गरजच नाही; अंतर्कर्ण काढून टाकला की तोच परिणाम मिळतो. म्हणजे हे ऑपरेशन एका अरुंद गटासाठी आहे: आजार एकाच कानात, त्या कानाला अजून कामापुरतं ऐकू येतंय, आणि बाकी सगळं करून झालंय. 'बाकी सगळं' हे दोन शब्द लक्षात ठेवा.

इतिहासही या बाबतीत बोलका आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर या मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या डॉक्टरने वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला: ही चक्कर मेंदूची नाही, कानाची आहे. तोवर अशा रुग्णांना मेंदूत रक्त साठल्याचं निदान लावून त्यांचं रक्त काढत. दुसऱ्याच वर्षी मेनिएर गेला. गंमत म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी आमच्या तालुक्यात अजून तेच चाललंय. मेंदूच्या जागी मान आली, एवढाच फरक. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी या मेंदूच्या सर्जनने १९२०च्या दशकात आधी आख्खी आठवी नस कापायला सुरुवात केली. रुग्ण चक्करेतून सुटत, पण त्या कानाने बहिरे होत. मग टोरांटोचा केनेथ मॅकेन्झी आणि डँडी या दोघांनी १९३०च्या सुमारास फक्त तोलाचा भाग कापून दाखवला. डँडीने १९४६ साली मरेपर्यंत नस कापण्याची सहाशेहून अधिक ऑपरेशनं केली, तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय. तो गेल्यावर ही शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊसने सूक्ष्मदर्शक लावून दुसऱ्या वाटेने तिला परत आणलं.

या हाऊसचा एक रुग्ण जगप्रसिद्ध आहे. अ‍ॅलन शेपर्ड, अवकाशात गेलेला पहिला अमेरिकन. मेनिएरने त्याला जमिनीवर बसवलं. उड्डाण बंद, दुसऱ्या अंतराळवीरांची कामं बघायची. १९६८ मध्ये तो खोट्या नावाने हाऊसकडे दाखल झाला. हाऊसने त्याची नस कापली नाही. कानातल्या द्रवाच्या पिशवीतून दाब काढून देणारी छोटी नळी बसवली. शेपर्डची चक्कर गेली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मधून जाऊन तो चंद्रावर गोल्फ खेळून आला. नळीच्या या ऑपरेशनला याहून मोठी जाहिरात कुठली मिळणार?

पण १९८१ मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी एक धाडसी गोष्ट केली. तीस रुग्ण घेतले, पंधरांना ती नळी बसवली, पंधरांचं कानामागचं हाड नुसतं उघडून बंद केलं. कुणाचं काय केलंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांतले बहुतेक जण सारखेच सुधारले! त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण एक गोष्ट पक्की बसली: हा आजार आपणहून चढतो आणि आपणहून उतरतो, आणि उतरत्या काळात जो कुणी जे काही करेल, त्याला श्रेय मिळतं. शेपर्ड नळीमुळे चंद्रावर गेला की आजाराच्या ओहोटीमुळे, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तोच धडा गोळीलाही लागू आहे. आपल्याकडे चक्कर म्हटली की ज्या गोळीने चिठ्ठी सुरू होते, त्या बीटाहिस्टीनची जर्मनीत २२१ मेनिएर रुग्णांवर नीट तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल छापून आला. कमी मात्रा, जास्त मात्रा आणि नुसती खोटी गोळी, तिन्ही गटांत नऊ महिन्यांत झटके सारखेच कमी झाले. अण्णाकाकांनी या गोळ्या किती गिळल्या असतील त्याचा हिशेब काकूकडे आहे, ती अजून रिकाम्या पट्ट्या जपून ठेवते.

मग नस कापण्याच्या ऑपरेशनलाही असंच फुकटचं श्रेय मिळतंय का? मला वाटतं, पूर्णपणे नाही. इथे परिणाम मोजता येतो. कानात गार-कोमट पाणी सोडून तपासलं तर त्या बाजूचा तोल खरोखर बंद झालाय की नाही ते कळतं, आणि बंद पडलेलं यंत्र झटका देऊ शकत नाही. पण याचा पुरावा म्हणजे सर्जननी ठेवलेल्या आपापल्या रुग्णांच्या नोंदी. जगभरातले वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात मेनिएरच्या शस्त्रक्रियांचे दोनच अभ्यास निकषांत बसले, त्यांत नस कापण्याचा एकही नव्हता. म्हणून 'चक्कर कायमची बंद' असं वाक्य जो सर्जन पहिल्याच भेटीत उच्चारतो, त्याच्याकडे मी जरा डोळे बारीक करून बघतो.

आता माझी स्वतःची चूक. विरोध करताना मी एका आकड्याचा आधार घेतला होता. १९८९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया सुचवूनही न केलेल्या मेनिएर रुग्णांचा माग काढला होता. दोन वर्षांत ५७ टक्क्यांची, आणि सुमारे आठ वर्षांत ७१ टक्क्यांची चक्कर आपणहून थांबली होती. सिल्व्हरस्टीन हा स्वतः नस कापण्याची नवी पद्धत रुळवणारा सर्जन, त्यामुळे त्याने हे छापावं याचं मला फार कौतुक वाटलं. मी काकांना म्हटलं, "बघा, थांबलात तर दहातले सातजण बरे होतात."

काका थांबले. साडेतीन वर्षांनी झटके विरळ होत थांबले. म्हणजे मी बरोबर. पण त्या साडेतीन वर्षांत काय झालं? दोनदा ते उभ्या उभ्या, काहीही पूर्वसूचना नसताना, कुणी मागून ढकलावं तसे पडले. शुद्ध गेली नाही, नुसते पडले. मेनिएरमध्ये असं होतं, आणि १९३६ मध्येच टुमार्किन नावाच्या डॉक्टरने त्याचं वर्णन करून ठेवलंय. एकदा मोरीत, एकदा एसटी स्टँडवर. पोलवर असते तर हा लेख मी वेगळ्या सुरात लिहिला असता. त्यांना लाइनवरून काढून मीटरच्या कागदपत्रांना बसवलं. मोटरसायकल विकली. लग्नाला जायचं म्हटलं की आधी मांडवात खांबाला टेकून बसता येईल का ते बघायचं. आणि डावा कान गेलाच. ज्याला डॉक्टर लोक आजार 'जळून जाणं' म्हणतात, ते हेच. दरवर्षी दिवाळीत आकाशकंदील लावायचा असतो, तेव्हा ते स्टूल धरतात आणि मी चढतो.

आठ वर्षांनी ७१ टक्के, हा आकडा डॉक्टरच्या टेबलावर दिलासा देतो. ज्याची ती आठ वर्षं आहेत त्याला तो सांगताना आपल्या आवाजात थोडी लाज असायला हवी. थांबणं हाही उपचारच आहे, त्याचीही किंमत आहे, आणि ती कोण मोजणार हे ठरवायचा हक्क पुतण्याला नव्हता. उभ्या उभ्या पडणाऱ्या लाइनमनने दोन वर्षं वाट बघण्याऐवजी नस कापून घेतली असती, तर तो निर्णय शहाणपणाचा ठरला असता, हे मी आज कबूल करतो. पोलवर तरीही चढता आलं नसतं, हेही खरं. एका बाजूचा तोल कायमचा गेलेल्या माणसाला अंधारात, खडबडीत जमिनीवर, उंचावर पुरता भरवसा राहत नाही.

पण मुळात हा पेच इतक्या टोकाला का आला? मधलं काहीच कुणी देऊ केलं नाही म्हणून.

पहिली पायरी म्हणजे तोच प्रश्न. किती वेळ? कूस बदलली की येते आणि मिनिटाच्या आत जाते, ती एक. वीस मिनिटांपासून काही तास टिकते आणि सोबत कान दडपतो, ती दुसरी. दिवसचे दिवस हटत नाही, ती तिसरी. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे नुसती अंधारी येते, ती तर कानाची नव्हेच. मराठीत यासाठी भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणं, झोक जाणं असे वेगवेगळे शब्द आयते आहेत. आपली माणसं ते नेमके वापरतात. केसपेपरवर मात्र या सगळ्यांचं एकच 'गिडीनेस' होतं आणि पुढची चिठ्ठी त्या एका शब्दावर लिहिली जाते.

कूस बदलली की येणाऱ्या चक्करेचीच गोष्ट घ्या. तोलाच्या पिशवीतले बारीक कण सुटून नळीत जातात, एवढाच तो बिघाड. पण हे नीट उमगण्याआधी यावरही नसच कापत होते. १९७४ मध्ये रिचर्ड गासेकने त्या एका नळीकडे जाणारा बारीक धागा कापायचं अत्यंत नाजूक ऑपरेशन मांडलं. पुढे अमेरिकेतल्या पोर्टलंडचा कानाचा डॉक्टर जॉन एप्ली म्हणाला, कापता कशाला, डोकं ठरावीक क्रमाने वळवा, कण आपले घरंगळून जागेवर जातील. लोक हसले. त्याने १९८० मध्ये दाखवलेली पद्धत सविस्तर छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर तीच पहिली. आमच्या शेजारच्या काकूंना सरकारी दवाखान्यातल्या एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत डोकं वळवून बरं केलं. काकू नाराज होऊन परतल्या. "गोळी नाही, सुई नाही, नुसती मान फिरवली आणि म्हणे जा." येताना त्यांनी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणल्याच.

मेनिएरला एप्लीसारखी जादू नाही. मीठ कमी करा हा सल्ला आहे. पुरावा तोकडा, पण नुकसानही नाही. त्यापुढची पायरी कानाच्या पडद्यातून आत सुई. एक जेंटामायसिनची. हे औषध तोलाच्या पेशींना विषारी आहे आणि इथे तो दोषच कामाला लावतात, म्हणजे चाकूशिवाय नस कापण्यासारखंच. यात ऐकू येण्याला थोडा धोका असतो. दुसरी स्टेरॉइडची, जी काहीच मारत नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या ६० रुग्णांची तुलना छापून आली: दोन वर्षांत जेंटामायसिनने झटके ८७ टक्क्यांनी घटले, स्टेरॉइडने ९० टक्क्यांनी. तिथेही आजाराची ओहोटी हिशेबात धरायला हवीच. तरी बाह्यरुग्ण विभागात, खुर्चीवर बसून, साध्या औषधात होणारी ही गोष्ट कवटी उघडण्याआधी एकदाही बोलली जाऊ नये? आमच्यापुढे कुणी बोललं नाही. या सुयांमुळेच पाश्चात्त्य देशांत नस कापायची वेळ आता क्वचित येते.

आणि व्यायाम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी या दोघांनी कानाचं ऑपरेशन झालेल्या आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी कवायत बसवली. डोळे वर-खाली, मान डावी-उजवी, बसून उठणं आधी डोळे उघडे ठेवून मग मिटून, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात डोळ्यांच्या वरून टाकणं, जिना चढणं-उतरणं. पासंग लावायला मेंदूला जी शिकवणी लागते ती हीच. झटका चालू असताना तिचा उपयोग नाही, पण मधल्या काळात आणि विशेषतः नस कापल्यावर तिच्याशिवाय माणूस अर्धाच बरा होतो. नस कापून कवायत न देणं म्हणजे पोल उभा करून तार न ओढणं. आमच्या सर्जनच्या खर्चाच्या कागदावर खोली, भूल, सूक्ष्मदर्शक, औषधं सगळं होतं. व्यायामाची ओळ नव्हती.

ती नसण्याचं कारण सर्जनचा दुष्टपणा नव्हे. आपली पैशाची रचनाच तशी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की खासगी विमा, माणूस खाटेवर दाखल झाला की पैसे सुटतात. डोकं वळवायच्या पाच मिनिटांना, कानातल्या सुईला, आठवड्यातून दोनदा येऊन चेंडू झेलण्याला दाखल व्हावं लागत नाही, म्हणून त्यांना कुणी धनी नाही. महाग पायरीला अनुदान आणि स्वस्त पायरी खिशातून, अशी शिडी उलटी टेकवलेली आहे. आणि मग आपणच म्हणायचं की खासगीवाले ऑपरेशनंच सुचवतात.

हे सुलटं करायला नवं रुग्णालय बांधायला नको. देशात बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयापर्यंत श्रवण तपासणीची यंत्रं आणि माणसं द्यायची योजना आहे. तोल हा त्याच कानाचा दुसरा अर्धा भाग. त्याच कार्यक्रमात तो घाला. श्रवण तपासणाऱ्या माणसाला तोलाच्या चाचण्या आणि एप्लीची पद्धत शिकवा, फिजिओथेरपिस्टला ती कवायत शिकवा, आणि विमा योजनांनी या दोन खोल्यांतल्या भेटींचे पैसे द्यावेत. नस कापायची परवानगी मात्र राज्यात मोजक्याच दोन-तीन ठिकाणी असावी. जे ऑपरेशन वर्षाला हातावर मोजण्याइतक्यांनाच लागणार, ते दहा ठिकाणी दहा सर्जननी एकेक केलं तर कुणाचाच हात बसणार नाही. ती फिकट रेघ वर्षातून एकदा शोधणाऱ्याच्या हाती मी तरी माझा चेहरा देणार नाही. पण म्हणून हे कसब मरूही देऊ नये. सुयांनी न भागणारे काहीजण राहतातच, आणि त्यांच्यासाठी दुसरं काही नाही.

संमतीपत्राचं मात्र आज, उद्याच काही करता येईल. काकांपुढे ठेवलेलं संमतीपत्र इंग्रजीत होतं. त्याऐवजी मराठीत एक पान असावं, रुग्णाने घरी नेऊन दोन आठवडे ठेवायचं. आधीच्या कुठल्या पायऱ्या झाल्या आणि कुठल्या नाहीत, ते त्यावर सर्जनने स्वतःच्या हाताने लिहावं. न कापता थांबलं तर काय होतं, ते आकड्यांसकट. आणि दुसऱ्या कानाबद्दल. कारण हा आजार काहींना वर्षांनी दुसऱ्या कानातही होतो, आणि दोन्ही बाजूंचा तोल गेला तर पासंग लावायला पारडंच उरत नाही. डँडीनेच १९४१ मध्ये लिहून ठेवलंय की दोन्ही नसा कापलेल्या त्याच्या रुग्णांना चालताना समोरचं सगळं हलताना दिसे. टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन घेऊन दोन्ही बाजूंचा तोल गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये स्वतःची कहाणी छापली: पुस्तक वाचायचं तर पलंगाच्या लोखंडी गजांत डोकं अडकवून स्थिर करावं लागे, नाहीतर नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी अक्षरं उडत. आपल्याकडे तीच सुई वर्षानुवर्षं घेतलेली माणसं गावोगाव आहेत, त्यामुळे हे दूरचं उदाहरण नाही. ज्याचा दुसरा कान संशयात आहे, त्याला हे पान वाचल्यावर नको म्हणता आलं पाहिजे.

अण्णाकाकांनी त्या सर्जनला एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, ऑपरेशननंतर अंधारात शेतातून चालता येईल का? लाइट गेली की आम्हाला अंधारातच जावं लागतं." सर्जन हसले आणि म्हणाले, "आता तुम्ही आराम करायचा." प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर पहिल्या काही महिन्यांत नाही, नंतर बॅटरी घेऊन, सपाट वाट असेल तर बहुधा हो, आणि पोलवर कधीच नाही. एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्यांना एक मिनिटही लागलं नसतं.